चेक बाउन्सच्या केसमध्ये पकड वॉरंट निघालंय का, कसं कळेल आणि रद्द कसं करायचं?

निळी छत्री
नमस्कार. थोरल्या भावासाठी विचारतेय. पुण्याच्या कोर्टात त्याच्यावर २०२२ मध्ये दाखल झालेली कलम १३८ची (चेक न वटल्याची) केस आहे. सुरुवातीला हजर राहून त्याने जामीन घेतला होता, जामीनदार आमचे काका. पुढे तो नोकरीला नागपूरला गेला आणि मागच्या तीन तारखांना ना तो गेला, ना वकील. गेल्या आठवड्यात जुन्या पत्त्यावर हवालदार चौकशी करून गेले, कागद काही दिला नाही. दोनच दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोन आला: वॉरंट निघालंय, आत्ता पैसे पाठवलेत तर रद्द करून देतो. केस नंबर घरात कोणाकडेच नाही. वॉरंट खरंच आहे का हे कसं बघायचं? दादा कोर्टात गेला तर तिथेच धरतील का? काकांना पुन्हा उभं राहावं लागेल का?

जुना शिरस्तेदार
आधी तो फोन. एक रुपयाही पाठवू नका. वॉरंट ज्या कोर्टाने काढलं तेच कोर्ट रद्द करतं, पोलिसांना तो अधिकार नाही, आणि फोनवर पैसे घेऊन वॉरंट रद्द होण्याची पद्धतच नाही. नंबर आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. पण हवालदार येऊन गेले ही गोष्ट वेगळी आहे, ती हलक्यात घेऊ नका.

शोधायचं असं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर महाराष्ट्र, पुणे, मग कोर्टाची इमारत निवडा (शहरातली केस असेल तर शिवाजीनगर) आणि पक्षकाराच्या नावाने शोधा. तिथे नाव इंग्रजी अक्षरांत टाकावं लागतं आणि घोळ तिथेच होतो. एकच आडनाव तीन तऱ्हेने टाइप झालेलं असतं. म्हणून पूर्ण नाव न टाकता आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाका. दादाचं सापडलं नाही तर फिर्यादीच्या नावाने बघा. वर्ष नोंदणीचं लागतं, त्यामुळे २०२२ मध्ये नाही मिळालं तर २०२३ही तपासा. पुण्यात १३८ची प्रकरणं बहुधा एस.सी.सी. (समरी क्रिमिनल केस) या प्रकारात असतात. केस सापडली की सोळा अक्षरा-अंकांचा सीएनआर नंबर लिहून ठेवा. पुण्याचा एमएचपीयूने सुरू होतो आणि शेवटचे चार अंक वर्षाचे असतात. पुढे प्रत्येक वेळी तोच टाकला की काम होतं.

आता वाचायचं काय? टप्प्याच्या रकान्यात 'एनबीडब्ल्यू अनरेडी' असं दिसलं तर केस अजामीनपात्र वॉरंटवर थांबलेली आहे. नुसतं 'बीडब्ल्यू' असेल तर जामीनपात्र. पण तेवढ्यावर विसंबू नका, टप्पा कधीकधी जुनाच राहिलेला असतो. खालच्या इतिहासात मागच्या तारखांवर क्लिक केलंत की त्या दिवसाचं कामकाज उघडतं. खरा पुरावा मात्र रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची फाइलमधली नोंद. 'आरोपी गैरहजर. अर्ज नाही. आरोपीविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढा.' एवढ्या तीन वाक्यांत सगळं असतं. वकिलामार्फत फाइल तपासणीचा अर्ज द्या, रोजनामा आणि निशाणी १ (मूळ फिर्याद) खालचे आदेश वाचून घ्या. वॉरंट कुठल्या पोलीस ठाण्याला आणि कोणत्या पत्त्यावर गेलंय, बजावणीचा अहवाल परत आलाय का, हे तिथेच कळतं. जामीनदाराला नोटीस काढली असेल तर तीही त्याच फाइलीत दिसेल.

काळा कोट, तालुका कोर्ट
रद्द करण्याबद्दल. केस १ जुलै २०२४च्या आधीची असल्याने अर्जावर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ७०(२) आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ७२(२), दोन्ही लिहावीत, म्हणजे कलमावरून वेळ जात नाही.

अर्ज फेटाळला जातो तो कारणामुळे. 'आजारी असल्याने येऊ शकलो नाही' हे वाक्य न्यायाधीश रोज वाचतात. चुकलेल्या प्रत्येक तारखेचं वेगळं कारण द्या आणि पुरावा जोडा: नियुक्तीपत्र, नागपूरच्या घराचा भाडेकरार, डॉक्टरचा दाखला, जे खरं असेल ते. नवा पत्ता आणि चालू मोबाइल नंबर लिहा, कारण समन्स जुन्या पत्त्यावर जात राहिलं तर हेच पुन्हा होणार. पुढच्या तारखांना हजर राहण्याची लेखी हमी द्या.

तारखेची वाट बघू नका. तारीख लांब असेल तर केस बोर्डावर (त्या दिवसाच्या कामकाजात) घेण्याचा अर्ज सोबत द्यायचा. सकाळी कोर्ट बसायच्या आधीच अर्ज बेंच क्लार्ककडे जायला हवा, फाइल कपाटातून निघायला वेळ लागतो. दुपारी अर्ज दिलात तर 'फिर्यादीचे म्हणणे' (आधी फिर्यादीने उत्तर द्यावं) असा शेरा पडून दिवस जातो. शुक्रवार शक्यतो टाळा: आदेश व्हायचा राहिला आणि शनिवार-रविवारी पोलिसांनी उचललं तर सुट्टीच्या कोर्टासमोर उभं राहावं लागतं आणि तिथे मूळ फाइल नसते.

तिथेच धरतील का? १३८चा गुन्हा जामीनपात्र आहे. वॉरंट अजामीनपात्र निघालं म्हणून गुन्हा अजामीनपात्र होत नाही, ही गल्लत फार होते. मात्र एकदा जामीन घेऊन अटी मोडल्या असतील तर पुढच्या वेळी जामीन नाकारण्याची मुभा कोर्टाला आहे (जुनं ४३६(२), नवं ४७८(२)). स्वतःहून आलेल्या माणसाला बहुधा खर्चाची रक्कम आणि नवा बाँड (जामिनाचा हमीपत्र) घेऊन सोडतात, पण कागद पुरे होईपर्यंत कोर्टातच बसवून ठेवतात. म्हणून जामीनदार सोबत न्या: आधार, रेशन कार्ड, फोटो आणि ७/१२ उतारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक, सगळं मूळ प्रतींसह. जामीनदार नसेल तर रोख रक्कम भरण्याची परवानगी मागा. ती नाझरकडे (कोर्टाचे पैसे सांभाळणारा कर्मचारी) जमा होते आणि केस संपल्यावर पावती दाखवून परत मिळते, पावती हरवू देऊ नका.

काकांचं: आरोपी गैरहजर राहिला की जुना बाँड जप्त होऊ शकतो आणि जामीनदाराला रक्कम भरण्याची नोटीस येते (जुनं ४४६, नवं ४९१). वॉरंट रद्द झालं म्हणून ती नोटीस आपोआप संपत नाही. काकांनी वेगळं उत्तर देऊन दंडाची रक्कम कमी करण्याची विनंती करायची. कारणं नोंदवून काही भाग माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे.

टपालपेटी
वर एक भर घालते. दादांनी पहिल्याच दिवशी नागपूरहून आलंच पाहिजे असं नाही. सतेंदरकुमार अंतिल प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत, वॉरंटची बजावणी होण्याआधी अर्ज दिला आणि पुढच्या तारखेला हजर राहण्याची हमी दिली, तर प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह न धरता अजामीनपात्र वॉरंट रद्द करता येतं किंवा जामीनपात्र करता येतं. १३८ला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची. 'बजावणी होण्याआधी' हे शब्द महत्त्वाचे.

आणि मधल्या काळात नागपुरातच पकडलं तर? जिल्ह्याबाहेर पकडलेल्या माणसाला, वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या आत नसेल तर, तिथल्या दंडाधिकाऱ्यासमोर नेतात. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आरोपी जामीन द्यायला तयार असेल तर त्यांनी तो घेऊन बाँड पुण्याला पाठवायचा असतो (जुनं ८१, नवं ८३). नागपुरातला एखादा जामीनदार आणि त्याचे कागद तयार ठेवा.

काळा कोट, तालुका कोर्ट
बरोबर, अर्जात त्या निकालाचा उल्लेख जरूर करा. पण प्रत्यक्षात बरीच कोर्टं अजूनही 'आरोपी कुठाय?' हेच आधी विचारतात. दादांना रजा मिळत असेल तर यावं. गैरहजर राहून हमी दिली आणि पुढची तारीखही चुकली, तर तिसऱ्यांदा ऐकून घेणारं कोणी नसतं.

निळी छत्री
खूप आभार. केस सापडली, टप्पा एनबीडब्ल्यूच आहे. दोन शंका. ओळखीचे एक जण म्हणतात की पोलीस ठाण्यात सांगून वॉरंट थोडे दिवस दाबून ठेवता येईल. आणि फिर्यादी तडजोडीला तयार आहेत, मग वॉरंट आपोआप जाईल ना?

जुना शिरस्तेदार
पहिलं अजिबात करू नका. दाबून ठेवलेलं वॉरंट 'आरोपी मिळून आला नाही' या शेऱ्यानिशी कोर्टात परत येतं, आणि त्याच शेऱ्याच्या आधारे फिर्यादीचा वकील आरोपी फरार असल्याचं सांगून जाहीरनामा (हजर होण्याचा कोर्टाचा जाहीर आदेश) मागतो. जाहीरनाम्यात हजर होण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत असते. त्यालाही हजर झाला नाही तर मालमत्ता जप्ती येते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा वेगळा गुन्हा दाखल होऊ शकतो. चेकचे पैसे नंतर फिटले तरी त्यासाठी वेगळं झगडावं लागतं. पासपोर्टचं कामही वॉरंटमुळे अडतं.

तडजोड झाली तर उत्तमच, पण वॉरंट आपोआप जात नाही. तडजोडीची पुरसिस (कोर्टाला लेखी निवेदन) दोघांच्या सह्यांनी दाखल करा, चेकच्याच कायद्याच्या कलम १४७खाली मिटवण्याची परवानगी घ्या आणि त्याच दिवशी वॉरंट रद्दचा अर्जही द्या. पैसे देऊन घरी बसलेल्या माणसाच्या नावाने वॉरंट चालूच राहतं.

रद्दचा आदेश झाल्यावरचं काम बहुतेक जण विसरतात. कोर्टाने ठाण्याला पत्र पाठवून वॉरंट बजावणी न करता परत मागवायचं असतं आणि आदेशाची प्रत आरोपीलाही द्यायची असते. रघुवंश भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. त्या प्रकरणात वॉरंट रद्द झाल्यावरही माणसाला अटक झाली होती. पत्र टपालात अडकतं, म्हणून त्याच दिवशी आदेशाच्या नकलेचा अर्ज करा, प्रमाणित प्रत स्वतः ठाण्यात समन्स-वॉरंटचं काम बघणाऱ्या अंमलदाराकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सहीसह पोच घ्या. पोच असलेली प्रत दादांनी पाकिटात ठेवावी, फोटो मोबाइलमध्ये. दोन-तीन आठवड्यांनी वकिलाला फाइल बघायला सांगा. वॉरंट परत आल्याची नोंद दिसेपर्यंत ती प्रत पाकिटातून काढू नका.