काकांची शुगर फॉर्मवर लिहू की नको?

सातपूरकर: मी हेल्थ पॉलिसी विकतो. परवा दिंडोरीला एका द्राक्षबागायतदार काकांचा फॉर्म भरत होतो, टेबलावर मेटफॉर्मिनची, म्हणजे शुगरच्या गोळ्यांची, अर्धी संपलेली स्ट्रिप आणि काका म्हणतात शुगरचं लिहू नको रे, हप्ता वाढतो. त्यात मार्चचं टार्गेट. काय करू?

पंचवटीकर: लिहीच. वेटिंग पिरियड जास्तीत जास्त 3 वर्षं, मग शुगरचाही क्लेम मिळतो. लपवलं तर पहिल्या 5 वर्षांत कधीही क्लेम नाकारतील, फ्रॉड सिद्ध झाला तर त्यानंतरही.

गोदाकाठ: आमच्या मामांचं हेच झालं, डिस्चार्ज कार्डावर 'जुना डायबेटिस' एवढे दोनच शब्द, क्लेम गेला. एजंट फोनच उचलेना.

सातपूरकर: काकूंना हे सांगितलं, त्यांनीच रिपोर्टची फाईल आणून दिली 😄 काका अजून फुगलेत.