मदत हवी आहे: औषध चालू असताना भावाच्या रक्तात सेरोटोनिन कमी आलंय

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय ३१, नाशिकला नोकरी. गेल्या पावसाळ्यात हळूहळू मिटत गेला. फोन उचलेना, जेवण अर्धं टाकायचा, रात्रभर जागा. शेवटी सप्टेंबरात मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. नैराश्य सांगितलं आणि एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम सुरू केलं. आता पाच महिने झाले. झोप परत आली, नोकरीवर जातोय. गेल्या रविवारी कुणी न सांगता खाली जाऊन गाडी धुतली. आई आणि मी गॅलरीतून बघत होतो, एकमेकींशी काही बोललो नाही.

आता घोळ. आत्येभावाने सणाच्या सवलतीत ‘संपूर्ण शरीर तपासणी’चं पॅकेज घेतलं, त्यात याचंही नाव घातलं. घरी येऊन रक्त नेलं. रिपोर्टमध्ये बाकी सगळं ठीक, पण शेवटच्या पानावर सेरोटोनिन १९ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. त्यांचीच मर्यादा ५० ते २००. लाल अक्षरात, खाली बाण. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडच्या ‘आहार सल्लागार’ बाईंचा फोन, की तुमचं आनंदाचं हार्मोन फार खाली आहे, फाइव्ह-एचटीपीच्या कॅप्सूल घ्या, सकाळ-संध्याकाळ एक. बाबांनी लगेच डबा मागवला.

बाबांचं म्हणणं, पाच महिने गोळ्या खाऊन १९, तर त्या गोळ्या काय कामाच्या? बंद कर. पण मला घोर लागलाय तो भावाच्या बोलण्याचा. रात्री म्हणाला, “ताई, म्हणजे मी बरा झालोय असं मला नुसतंच वाटतंय का?”

डॉक्टर बुधवारपर्यंत बाहेरगावी आहेत. हा आकडा नक्की कशाचा? औषध लागू पडत नाहीये का? आणि त्या कॅप्सूल द्यायच्या की नाही?

वडाची साल:
ताई, गोळ्यांच्या नादी कशाला लागता? रोज दोन केळी आणि मूठभर अक्रोड. केळ्यात सेरोटोनिन भरपूर असतं. माझा अनुभव आहे.

रात्रपाळी:
आधी एकच सांगा. भावाने त्या कॅप्सूल घेतल्यात का? घेतल्या असतील तर कधी आणि किती?

गॅलरीतली:
एक घेतली, परवा रात्री. मग मी डबा माझ्या कपाटात ठेवला. ताप वगैरे काही नाही. का हो?

रात्रपाळी:
छान केलंत. डबा कपाटातच राहू दे. मी मनोविकारशास्त्रात शिकणारा डॉक्टर आहे, पण भावाला तपासलेलं नाही हे ध्यानात ठेवून वाचा.

फाइव्ह-एचटीपी मेंदूत शिरतं आणि तिथे त्याचं सेरोटोनिन बनतं. एस्सिटालोप्राम सेरोटोनिन परत उचलण्याची वाट अडवतं. दोन्ही एकत्र झाली तर सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका असतो: हातपाय थरथरणं, घोट्याशी पाऊल आपोआप उडत राहणं, दरदरून घाम, जुलाब, बेचैनी, ताप, वाढलं तर बरळणं. बहुतेकांना हा त्रास औषधात बदल झाल्यापासून २४ तासांच्या आत सुरू होतो. परवाची एक कॅप्सूल आणि आज तब्येत ठीक, तर घाबरू नका. पुढची मात्र देऊ नका. यातलं काही दिसलं तर बुधवारची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा. तिथे कुणी सेरोटोनिनची रक्ततपासणी करत बसणार नाही, कारण हे निदान रुग्णाला तपासूनच होतं. खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं औषध किंवा दुखण्यावरचं ट्रॅमाडॉलही विचारल्याशिवाय नको.

आणि एस्सिटालोप्राम बाबांच्या सांगण्यावरून एकदम बंद करू नका. चक्कर, चिडचिड, अंगात विजेचे झटके बसल्यासारखं होऊ शकतं, शिवाय दुखणं उलटण्याची भीती. आकड्याबद्दल ड्युटी संपल्यावर लिहितो.

नळकांडी:
तोवर मी थोडं लिहितो. वीस वर्षं लॅबमध्ये रक्त फिरवतोय.

ताई, रिपोर्टवर नमुना कुठला लिहिलाय ते बघा: पूर्ण रक्त, सीरम की प्लाझ्मा? रक्तातलं जवळजवळ सगळं सेरोटोनिन प्लेटलेट्सच्या पोटात असतं. त्याच, डेंग्यूत ज्यांचा आकडा घरोघर विचारला जातो. मोकळं सेरोटोनिन अगदी नगण्य. सीरम काढताना रक्त गोठू देतात, तेव्हा प्लेटलेट्स आपला साठा ओततात, म्हणून सीरममध्ये ते भरपूर दिसतं. प्लाझ्मात, म्हणजे रक्त गोठू न देता काढलेल्या द्रव भागात, नीट बघायचं तर प्लेटलेट्स आधी बाजूला काढाव्या लागतात. त्यात हयगय झाली, चार प्लेटलेट्स फुटल्या, की आकडा फुगला. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी ताडून बघू नये. शिवाय हा नाजूक जीव. नमुना थंड ठेवून वेळेत गोठवला नाही तर सेरोटोनिन विरतं. तुमच्याकडून रक्त नेणारा पोरगा बर्फाची पेटी घेऊन आला होता का?

अवांतर: सेरोटोनिन आधी सापडलं ते मनाच्या शोधात नव्हे. १९४८ साली क्लीव्हलँडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी ते सीरममधून वेगळं काढलं. ते रक्तवाहिन्या आवळायचं, म्हणून सीरम आणि टोन मिळून सेरोटोनिन. इटलीत एर्सपामर यांना त्याआधीच आतड्यात एक पदार्थ मिळाला होता, तो हाच निघाला. मेंदूत ते आहे हे बेटी ट्वारॉग यांनी १९५३ मध्ये दाखवलं.

रात्रपाळी:
नळकांडीदादांनी माझं अर्धं काम केलं.

शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरात बनतं. प्लेटलेट्सना ते स्वतः बनवता येत नाही. रक्तातून फिरताना त्या ते उचलून साठवतात, आणि उचलायचं दार जे, तेच एस्सिटालोप्राम बंद करतं. मेंदूतल्या पेशींवर आणि प्लेटलेट्सवर दार एकाच जातीचं. प्लेटलेट जगते आठ-दहा दिवस. नव्या येतात त्या दार बंद असतानाच येतात, त्यांची कोठारं रिकामीच राहतात. काही आठवड्यांत रक्तातला आकडा चांगलाच खाली येतो, या गटातली औषधं घेणाऱ्यांत हे नेहमीचं आहे. नमुना खराब झाला नसेल, तर १९ चा सरळ अर्थ इतकाच निघतो की भाऊ गोळ्या नेमाने घेतोय.

मेंदूतलं सेरोटोनिन मेंदूतच, ट्रिप्टोफॅन या जेवणातल्या प्रथिनांमधून मिळणाऱ्या घटकापासून बनतं. रक्तातलं तिथे पोहोचत नाही, मध्ये रक्त-मेंदू अडसर आहे. म्हणून केळ्यातलंही पोहोचत नाही, वडाची साल यांची क्षमा मागून. नैराश्याचं निदान करायला किंवा औषधाचा गुण मोजायला ही तपासणी वापरत नाहीत. नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता ही समजूतच आता टिकत नाही: २०२२ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र चाळले, तेव्हा तिला सुसंगत पुरावा मिळाला नाही. त्यावर बरीच वादावादी झाली. पण औषधाने माणूस सुधारतो का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर झोप, भूक, कामातलं लक्ष बघून मिळतं. तुम्ही गॅलरीतून बघितलंत ते.

थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन मात्र त्याच पॅकेजमध्ये असेल. ते पान डॉक्टरांना जरूर दाखवा.

वडाची साल:
केळी तरी खाऊ द्या हो त्याला.

सासूबाईंची सून:
ही तपासणी अगदीच निरुपयोगी नाही, म्हणून लिहिते. सासूबाईंचा चेहरा अधूनमधून लालबुंद व्हायचा आणि दिवसाला सात-आठ जुलाब. दोन वर्षं आम्ही आधी पाळी जाण्याचा त्रास आणि मग पोटाची नाजूक प्रकृती म्हणून काढली. पुढे निघाली लहान आतड्यातली सेरोटोनिन बनवणारी गाठ, कार्सिनॉइड म्हणतात, आणि ती यकृतात पसरली होती. एरवी आतड्याकडून येणारं सेरोटोनिन यकृत मोडून टाकतं, त्यामुळे त्रास जाणवतो तो बहुधा गाठ यकृतात गेल्यावरच. ते हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाही बिघडवतं, म्हणून त्यांची टूडी इको दरवर्षी होते.

पण तिथेही डॉक्टरांचा भर रक्तापेक्षा २४ तासांच्या लघवीवर होता. सेरोटोनिन मोडल्यावर फाइव्ह-एचआयएए नावाचा पदार्थ लघवीतून जातो, तो मोजतात. आधीचे तीन दिवस केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, वांगी बंद. आमच्याकडे वांग्याशिवाय तीन दिवस म्हणजे उपासच! मग पेट स्कॅन, आणि आता महिन्याला ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन. त्या बाबतीत चिंता आकडा वाढण्याची. तुमच्या भावाचा कमी आहे, तेव्हा हे मनात आणू नका.

गॅलरीतली:
धागा वर काढतेय. नमुना पूर्ण रक्ताचा होता. बर्फाची पेटी नव्हती, पाठीवरच्या सॅकमधून नेलं. लॅबला फोन केला तर म्हणाले, “मॅडम, तुमच्या डॉक्टरांशी को-रिलेट करा.”

डॉक्टर बुधवारी भेटले. ‘रात्रपाळी’ यांनी लिहिलं तेच, थोड्या वेगळ्या शब्दांत. गोळी तशीच चालू. भावाने त्यांनाही तोच प्रश्न विचारला, की मला नुसतं वाटतंय का. ते म्हणाले, वाटणंच तर आजारी होतं. तो हसला. किती महिन्यांनी.

बाबा अजून कुरकुरताहेत, पण आता ती कॅप्सूलच्या डब्यावर. सील फोडलं होतं, परत घेत नाहीत. १,४०० रुपये. कुणाला काही मार्ग माहीत असेल तर सांगा.