नोटीस आली म्हणजे घर गेलं असं नाही
गृहकर्जाचे हप्ते थकून बँकेची नोटीस आली तर काय करावं, यावर एकाने लिहिलंय, "नोटीस आली की संपलं, आता फक्त लिलावाची वाट बघायची"; ते मला पटलं नाही. स्वतःच गिऱ्हाईक शोधून घर विकावं, हा त्याचाच दुसरा सल्ला मात्र खरा. लिलावात बहुतेक वेळा पडेल भाव येतो. सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापोटी तारण घर कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस आली की पैसे भरायला ६० दिवस असतात. त्यात लेखी हरकत दिली, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. माझ्या मोठ्या भावाने बेसा रोडवरच्या फ्लॅटची नोटीस महिनाभर देवघराच्या फळीवर पंचांगाखाली दडपून ठेवली होती, वहिनीलाही कळू दिलं नाही. शेवटी बसून हरकत लिहिली, शिक्क्यासह पोच घेतली, तेव्हा कुठे भरलेले दोन हप्ते जमाच धरले नव्हते हे निघालं.

बँकेने ताबा घेतलाच, तरी ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते, आणि ते इथे नागपुरातच आहे. पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळी रक्कम भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच उरतो. कृपा करून जाहिरातीची ही तारीख घरात सगळ्यांना सांगून ठेवा.