ऑर्गनवाले काका कसं काम करायचे, ते इथे लिहा

आपल्या हौशी संगीत नाट्यमंडळीचे ऑर्गनवाले काका गेले. त्यांची पेटी, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन, आता नव्या पोरांच्या हाती जाईल. म्हणून ज्यांनी त्यांचं काम जवळून पाहिलंय, त्यांनी ते नेमकं लिहावं.

पेटीची देखभाल
पायपेटी हवा आत ओढते, त्यामुळे धूळही सुरांतूनच (पितळी जीभ बसवलेल्या तुकड्यांतूनच) आत जाते. आपल्या काळ्या मातीची धूळ फार बारीक. ती पितळी जिभेखाली बसली की सूर मुका होतो. काका हुकाने सूर सरळ ओढून काढायचे, जिभेखालून पातळ कागद फिरवायचे, मग मऊ ब्रश. जीभ नखाने उचलायची नाही. वाकली की सूर उशिरा बोलतो. सूर उतरलेला असेल तर जिभेचं टोक किंचित खरवडायचं, चढलेला असेल तर बुडाकडचा भाग. एका वेळी दोनच ओरखडे. बोटांच्या उबेने पितळ तापतं, म्हणून थोडं थांबून मगच ऐकायचं. हा धीर काकांकडे होता आणि काम त्याच्यावरच चालतं.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 च्या पुढे गेला की भात्याचं कातडं घडीवर तडकतं. पायटे (पायाने दाबायच्या फळ्या) मारून भाता ताणायचा आणि एकही पट्टी न दाबता पाय काढायचे. लगेच सैल पडला तर गळती आहे. ठिगळ पातळ कातड्याचं, तेही सरसाने. उंदरांसाठी पायट्यांच्या तोंडाला बारीक जाळी.

वरच्याला जोडून
काका ठिगळाला फेविकॉल नको म्हणायचे त्याचं कारण असं: सरस गरम पाण्याने सुटतो, ठिगळ पुन्हा बदलता येतं. फेविकॉलचं ठिगळ काढताना जुनं कातडंही फाटतं.

तबल्याकडून
काळी एक पट्टीला साडेपाच इंची दायां (उजव्या हाताचा तबला), बायका गातात त्या काळी चार पट्टीला सहाच्या वरचा. दोन्ही तबले पडदा उघडायच्या अर्धा तास आधी दिव्यांखाली ठेवायला लावायचे. ग्रीनरूममध्ये सुरात लावलेला तबला दिव्यांच्या उष्णतेने चढतो आणि पहिल्याच पदाला बेसूर होतो. पावसाळ्यात उलटं, पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडते.

प्रॉम्प्टिंगची वही
1882 च्या 'सौभद्र' या संगीत नाटकात शंभरावर पदं आहेत. तीन तासांत बसवायचं तर निम्म्याहून जास्त गाळावी लागतात. पद गाळलं की त्याच्या आधीचा इशाराही जातो आणि पुढच्या नटाला सा मिळत नाही. म्हणून काका तीन वह्या एकदम दुरुस्त करायचे: ऑर्गन, तबला, प्रॉम्प्टर. प्रत्येक पदापुढे लाल पेन्सिलीने संवादाचे शेवटचे चार शब्द, पट्टी, ताल, आणि वन्समोअर आला तर मुखड्यापासून घ्यायचं की अंतऱ्यापासून. शेवटच्या शब्दाआधीच सा हलका धरायचा, म्हणजे नटाला सूर शोधत थांबावं लागत नाही. नवीन मुलींना याचा मोठा आधार वाटायचा.

बसण्याची जागा
पेटी अशी लावायची की गाणाऱ्याचं तोंड दिसेल. श्वास दिसला नाही तर साथ मागे पडते.

नेआण
टेम्पोत पेटी उभीच, खाली गादी, चौघांनी बुडाला धरून. झाकण दोरीने आणि पायटे सुतळीने बांधायचे. गावी उतरवल्यावर आधी सगळ्या पट्ट्या एकेक दाबून बघायच्या. गचक्यांनी एखादा सूर सरकलेला असतोच.