कापूस वेचणीच्या दिवसांत एका सहीवर चार घरं फिरणारं पुस्तक: नोंद कशी ठेवावी?

प्रश्न: अंजनीकाठची ग्रंथपाल

नमस्कार. एरंडोल तालुक्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीतलं सगळ्यात लहान, सार्वजनिक वाचनालय मी चार वर्षांपासून सांभाळते. ग्रंथपाल मीच, शिपाई मीच. आठला कुलूप उघडायचं, ओटा झाडायचा, माठ भरायचा. पहिल्या एसटीनं पेपरचा गठ्ठा आला की शिक्का मारून टेबलावर ठेवायचे. पोलीस भरतीची मुलं दारातच उभी असतात, म्हातारी माणसं कापसाच्या भावाचं पान मागतात. अकराला बंद, पुन्हा संध्याकाळी पाच ते सात.

माझी अडचण बायकांच्या बाबतीतली आहे. वहीत एकतीस महिला सभासद आहेत. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की सकाळी सातला त्या रिक्षात बसून शेतात जातात आणि दिवेलागणीला परत येतात. मग चूल, भाकरी. संक्रांतीपर्यंत एकीचंही पाऊल वाचनालयात पडत नाही. म्हणून गेल्या वर्षीपासून सातला कुलूप लावलं की पिशवीत दहा-बारा पुस्तकं घालून मीच गल्लीत जाते. ओट्यावरच सही घेते.

नोव्हेंबरमध्ये एका काकूंच्या नावावर दिलेली कादंबरी पंधरा दिवसांनी आणायला गेले. त्यांच्याकडे नव्हती. शेजारी गेली होती, तिथून समोरच्या घरी. शेवटी गल्लीच्या टोकाला एका आजींच्या घरी सापडली. आजींना अक्षर येत नाही. सातवीतली नात जेवणं झाली की बल्बखाली बसून रोज थोडं थोडं वाचून दाखवते आणि पाच-सहा बायका कापसानं चिरलेल्या बोटांना तेल चोळत ऐकतात. मी पुस्तक मागितलं तर आजी म्हणाल्या, "माले वाचता येत नही, पन आयकाले गोड लागस. दोन दिन ऱ्हाऊ दे वो माय." मी राहू दिलं.

पण देवघेव वहीत काय दिसतं? एक सभासद, एक पुस्तक, आठ दिवस उशीर. त्या सगळ्या बायका कुठेच नाहीत. वार्षिक तपासणीला माझी देवघेव नेहमी कमी भरते. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळातल्या एकानं सुचवलं, प्रत्येक घराच्या नावानं एकेक नोंद टाकून दे. ते मला पटत नाही, ती खोटी नोंद होईल. मग खरी नोंद कशी करू? आणि पुस्तक हरवलं तर भरपाई कोणाकडून घ्यायची? एकदा मी स्वतःच्या पैशातून नवी प्रत आणली. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं, त्यानंतर माझं मानधन. दरवेळी हे जमणार नाही.

उत्तर १: निवृत्त ग्रंथपाल, धुळे

ताई, तुम्ही खोटी नोंद टाकली नाहीत हे फार बरं केलंत. देवघेव म्हणजे पुस्तक वाचनालयातून गेलं आणि परत आलं. एकदा गेलं की एकच नोंद. आकडा फुगवलात तर उद्या वहीतली खरी नोंदही कोणी खरी मानणार नाही.

पण गल्लीसाठी वेगळी वही घाला. तारीख, दाखल अंक (पुस्तकाचा वाचनालयातला नोंदणी क्रमांक), कोणाच्या ओट्यावर, किती जणींनी ऐकलं, कोणी वाचून दाखवलं, एवढंच. ही वही कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ठेवा आणि वार्षिक अहवालात तिच्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहा. देवघेवीच्या बेरजेत मात्र ती मिसळू नका. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्या कादंबरीला वाचक मिळाले, ते लिहून ठेवणं तुमचं कामच आहे. आजींचं नावही लिहा. त्या ऐकतात, म्हणून त्या वाचक नाहीत असं कुठल्याही ग्रंथपालानं म्हणू नये.

भरपाई एकट्या काकूंवर टाकू नका, तुम्ही तर मुळीच सोसू नका. मंडळात ठराव करून घ्या: गल्लीसाठी वीस पुस्तकांची पेटी, जबाबदारी गल्लीतल्या दोघींची मिळून, अनामत नाही. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की तुमच्यावर बोट येणार नाही.

उत्तर २: बाइंडिंगवाला, चोपडा

पेटी ओट्यावर फिरणार असेल तर पुस्तकं आधी कापडी बांधणीची करून घ्या. खळीत थोडं मोरचूद घालायला सांगा, कसर लागत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दोन-चार वर्षांत पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन निघते. पातळ कागद आणि खळ पुरते. दाखल अंक पहिल्या पानावर असतोच, तो गुप्त पानावर, म्हणजे वाचनालयानं खुणेसाठी ठरवलेल्या आतल्या एका पानावरही घाला. मुखपृष्ठ आणि पुढची पानं गेलेली पुस्तकं माझ्याकडे येतात, ती कोणत्या वाचनालयाची हे त्या पानावरूनच कळतं. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नका, खाली दोन विटा घाला. आपल्याकडच्या मातीच्या भिंतींतून वाळवी चढते.

उत्तर ३: यावलची लेक

ताई, मी त्या नातीसारखीच होते. केळीच्या बागेतून आलेल्या मावश्यांना मी वाचून दाखवायचे. माझ्या नावाचं कार्ड नव्हतं, वडिलांच्या कार्डावर पुस्तक यायचं आणि ते परत करायला निघाले की गोष्ट पुरी व्हायच्या आत गेलं म्हणून मी रडायचे. तुम्ही त्या मुलीला बालसभासद करून घ्या. कार्डावर तिचं नाव ठळक लिहा आणि तिच्या हातात द्या.

प्रश्नकर्ती: अंजनीकाठची ग्रंथपाल

सगळ्यांचे मनापासून आभार. धुळ्याच्या काकांनी सांगितलं तसा ठराव रविवारच्या बैठकीत मांडला. एका सदस्यांनी पुस्तकं हरवतील म्हणून विरोध केला, अर्धा तास बोलणं झालं, शेवटी बारा पुस्तकांना होकार मिळाला. वीस नाही, पण बारा.

काल संध्याकाळी नातीचं कार्ड केलं. सही करताना तिनं आधी माझ्याकडून पेन मागून घेतलं, मग कोऱ्या कागदावर दोनदा गिरवून पाहिलं आणि तिसऱ्यांदा कार्डावर केली. आजींनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं आणि देवळीत ठेवलं.

आता एकच विचारायचं आहे. बल्ब मंद आहे आणि ओट्यावर बारीक अक्षर दिसत नाही असं ती म्हणते. मोठ्या टाइपातल्या, एका बैठकीत एक पुरी होईल अशा गोष्टींची पुस्तकं तुमच्या वाचनालयांत कोणती चालतात? बारापैकी पाच जागा अजून रिकाम्या आहेत.