प्रतिपालकत्वातील मुलीला हलवण्याचा आदेश : दाद कोठे मागावी?

अंगणातला मोगरा

नमस्कार. आम्ही पती-पत्नी महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात प्रतिपालक कुटुंब (फॉस्टर केअर), म्हणजे दुसऱ्याचे मूल तात्पुरते सांभाळणारे घर, म्हणून काम करतो. बाल कल्याण समितीच्या, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या समितीच्या, आदेशाने नऊ वर्षांची एक मुलगी दोन वर्षे चार महिन्यांपासून आमच्याकडे आहे. आली तेव्हा ती कोणाशी बोलत नसे आणि जेवताना अर्धी पोळी गुपचूप फ्रॉकच्या खिशात ठेवून देई. ती सवय सुटायला सहा महिने लागले.

तिची आई हयात आहे, परंतु दीर्घ आजारामुळे तिला सांभाळू शकत नाही. गेल्या महिन्यात तिच्या मामांनी ताबा मागितला. त्यांची गृहचौकशी अजून व्हायची आहे, तरीही समितीने अकरा दिवसांपूर्वी आदेश काढून मुलीला मामांच्या जिल्ह्यातील बालगृहात हलवायचे ठरवले. सुनावणीला आम्हाला बोलावले नाही आणि मुलीलाही कोणी काही विचारले नाही. कार्यालयात गेलो तेव्हा ‘तुम्ही फक्त सांभाळणारे आहात’ एवढेच उत्तर मिळाले. परवा धुवायला घेतलेल्या फ्रॉकच्या खिशात पुन्हा पोळीचा तुकडा सापडला.

एक वकील सत्र न्यायालयात जा म्हणतात. ते बरोबर आहे का? शिवाय दोन वर्षे पूर्ण झाल्यामुळे आम्हाला दत्तकासाठी अर्ज करता येईल का?

कज्जेदलाल नव्हे, वकील

ताई, सर्वांत आधी एक विनंती. मुलीचे नाव, शाळा, गाव किंवा छायाचित्र येथे कधीही देऊ नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार तिची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे.

आता अपिलाविषयी. समितीच्या बहुतेक आदेशांवरील अपील बाल न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयाच्या स्तरावर, जाते आणि तुमच्या वकिलांच्या मनात तेच असावे. मात्र कलम १०१ मध्ये प्रतिपालकत्वाविषयीचे निर्णय वेगळे काढले असून त्यांवरील अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, करायचे असते. मुदत आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. चुकीच्या दारात दिवस घालवून मुदत संपवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. आदेशाची प्रमाणित प्रत आजच लेखी अर्ज देऊन मागा, अर्जावर पोच घ्या आणि अपिलासोबत स्थगितीचा स्वतंत्र अर्ज जोडा, कारण स्थगिती मिळाली नाही तर अपील चालू असतानाच मुलीला हलवले जाईल. प्रत हाती आली की किती सदस्यांच्या सह्या आहेत तेही पाहा. प्रकरण अंतिमतः निकाली काढताना किमान तीन सदस्य उपस्थित असावे लागतात. पुढे गरज पडली तर कलम १०२ खाली उच्च न्यायालयाचा मार्ग आहेच.

दत्तकाचे मात्र तसे नाही. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मूल प्रतिपालक कुटुंबात राहिलेले असण्याची पाच वर्षांची अट दोन वर्षांवर आणली हे खरे आहे, परंतु त्यासाठी मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असावे लागते. आई हयात आहे आणि तिने मुलीचा त्याग केलेला नाही, तोवर तो प्रश्नच उद्भवत नाही. अपिलात दत्तकाचा उल्लेखही करू नये, कारण त्यामुळे तुम्ही मुलीवर हक्क सांगत आहात असा समज होईल.

पिंपळपार

मी एका समितीवर तीन वर्षे सदस्य होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. प्रतिपालकत्व ही तात्पुरती व्यवस्था आहे आणि मुलाला शक्यतो स्वतःच्या कुटुंबात परत नेणे हे कायद्याचेच तत्त्व आहे. मामा खरोखर सांभाळू इच्छित असतील, तर समितीने त्यांचा विचार करणे योग्यच आहे. परंतु त्यांची गृहचौकशी होण्याआधी, नांदत्या घरातून काढून मुलीला बालगृहात ठेवण्याचे कारण मला दिसत नाही, कारण संस्था हा याच कायद्यात शेवटचा पर्याय मानला आहे. तुमचे खरे म्हणणे एवढेच असावे : चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला येथेच राहू द्या, मामांच्या भेटी येथेच सुरू करा आणि निर्णयापूर्वी तिचे मत ऐका. तिचा सहभाग आणि नैसर्गिक न्याय, दोन्ही तत्त्वे कलम ३ मध्ये आहेत. समिती दरमहा प्रतिपालक कुटुंबाची पाहणी करते. त्या अहवालांच्या प्रतीही मागा. त्यांत तुमच्याविरुद्ध काही नसेल, तर तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल.

दोन्ही घरची

आमच्याकडचा मुलगा अखेर त्याच्या आत्याकडे गेला. आम्ही आधी खूप भांडलो. नंतर बाल संरक्षण अधिकाऱ्यांनी चार शनिवार आत्याला आमच्या घरी आणले आणि पाचव्या शनिवारी तो स्वतःची पिशवी स्वतः उचलून निघाला. तुम्ही लढा, पण तिच्यासमोर मामांविषयी वाईट शब्द काढू नका. उद्या तिला त्याच घरी राहावे लागेल.

अंगणातला मोगरा

सर्वांचे मनापासून आभार. प्रमाणित प्रतीचा अर्ज आज दिला आणि पोच घेतली. मुदतीचे एकोणीस दिवस हातात आहेत. अपील आणि स्थगितीचा अर्ज सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात देऊ. मागण्या पिंपळपार यांनी सांगितलेल्याच ठेवल्या आहेत, दत्तकाचा परिच्छेद काढून टाकला आहे. मामांनी रविवारी येऊन भेटावे, असा लेखी निरोप बाल संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत पाठवला आहे. मुलीला तसे सांगितले, तेव्हा मामा जेवायला थांबणार का, एवढेच तिने विचारले.