घरी केलेल्या हलक्या धनुष्याला परवडणारे बाण कोणते? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

भाच्यासाठी घरीच धनुष्य केलं आहे. त्याला बाण कोणते घ्यावेत, की तेही घरीच करावेत, याबद्दल जाणकारांची मदत हवी आहे. अर्धा डझन बाण हवेत आणि खर्च हजार-बाराशेच्या आत बसवायचा आहे.

धनुष्य पीव्हीसी पाइपचं आहे. पाइप गरम करून दोन्ही बाजू चपट्या केल्या, टोकांना खाचा पाडल्या, मूठ गोलच ठेवली. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून ओढ मोजली. भाचा तेरा वर्षांचा आहे, तो ओढतो तेवढ्या अंतरावर, म्हणजे 25 इंचांवर, काटा 9 किलो दाखवतो. पौंडांत सांगायचं तर जवळजवळ 20. मुठीत बाणासाठी कोरलेली जागा नाही. बाण मुठीच्या डाव्या अंगाने, हातमोजा घातलेल्या बोटावरून जातो.

नमुन्याला फायबरग्लासचे बाण आणून बघितले. स्वस्त आहेत, टिकाऊ आहेत, पण या धनुष्याला फार जड पडतात. थोडं अंतर गेलं की खाली येतात, आणि सतत डावीकडे लागतात. भाचा उजव्या हाताने ओढतो आणि नेम चांगला धरतो, त्यामुळे दोष त्याचा नाही याची मला खात्री आहे. दोरी धनुष्याच्या मधल्या रेषेत सुटते, बाणाचं तोंड मात्र मुठीमुळे बाजूला असतं. त्यामुळे सुटताना बाणाने किंचित लवून मुठीला वळसा घालायला हवा. ताठ बाणाला ते जमत नाही. म्हणजे मला नुसता स्वस्त नाही, पुरेसा लवचिक बाण हवा आहे.

कार्बनच्या बाणांवर स्पाइनचा आकडा असतो. 28 इंचांच्या गाळ्यावर ठेवून मधोमध 880 ग्रॅम टांगले आणि काडी अर्धा इंच वाकली, तर स्पाइन 500. एक इंच वाकली तर 1000. आकडा मोठा तितका बाण लवचिक. 20 पौंडांना 1000 किंवा त्याच्या वरचा लागेल असं दिसतं, आणि मला ऑनलाइन सहज मिळताहेत ते 500चेच. शिवाय कार्बनला बारीक चीर गेली तर सोडताना तो फुटून हातात घुसू शकतो. प्रत्येक वेळी वाकवून तपासायची शिस्त मुलाला लागेपर्यंत मला तो नकोच वाटतो.

राहिलं लाकूड आणि बांबू. सियागंजात गोल लाकडी दांडे मिळतील, पण त्यांच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हव्यात. मध्येच बाहेर पडणारी रेष म्हणजे तिरकी फुटणारी काडी. बांबूकडे माझा ओढा जास्त आहे. झाबुआ-अलीराजपूरकडचे भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या तीरकामठं वापरत आले आहेत, तेव्हा चांगली काडी आपल्या भागातच मिळायला हवी. त्यांची धनुष्यं मात्र कितीतरी जोरकस, त्यामुळे त्यांचा तयार बाण या खेळण्यासारख्या धनुष्याला ताठच पडेल.

बांबूच्या काड्या निवडायच्या कशा? आणि प्लॅस्टिकची पिसं चालतील का? सराव महूजवळ बहिणीच्या शेतात, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी होतो, मोठं माणूस सोबत असतंच.

प्रतिसाद

ताई, बांबूच करा. मात्र सहा बाण हवे असतील तर दुपटीने काड्या आणा. आकड्यापेक्षा सहाही बाण एकमेकांसारखे असणं जास्त महत्त्वाचं. लाकडी बाण मोजायची जुनी रीत सोपी आहे: 26 इंचांवर दोन खिळे, मध्ये दोन पौंड, म्हणजे 907 ग्रॅम वजन. काडी जितके इंच खाली येईल त्याने 26ला भागा, उत्तर पौंडांत येतं, म्हणजे तेवढ्या ओढीच्या धनुष्याला ती काडी चालते. 20 पौंडांना 1.3 इंच, म्हणजे 33 मिलिमीटर. तुमच्या मुठीला खाच नाही, म्हणून 36 ते 38पर्यंत वाकणाऱ्या काड्या वेगळ्या काढा. वाकड्या काड्या गॅसच्या मंद आचेवर फिरवून, गरम असतानाच सरळ करा.

पहिला बाण 29 इंचांचा ठेवा, टोक बसवा आणि पिसं न लावता जवळून मारून बघा. उजवीकडे गेला तर जास्त मऊ आहे; टोक काढून पाव-पाव इंच कापत या. 27च्या खाली मात्र जाऊ नका, ओढल्यावर टोक बोटाच्या मागे येता कामा नये. मागची खाच पेराला लागून पाडा आणि तिच्या पुढे दोरा घट्ट गुंडाळून गोंद लावा, नाहीतर दोरी काडी उभी चिरेल.

प्लॅस्टिकची पिसं नकोत. बाण बोटावरून जातो तेव्हा ती आपटतात आणि बाण भरकटतो. खरं पीस दबून निघून जातं. एका बाणाची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची घ्या. टोकासकट वजन 13 ते 16 ग्रॅम आलं की या धनुष्याला पुरे.

धागाकर्ती

मनापासून आभार, खिळे आजच ठोकते. एक शंका राहिली: बाजारातलं सर्वांत हलकं स्क्रूचं टोकही साडेसहा ग्रॅमच्या आसपास दिसतंय. ते लावलं तर बाण आणखी मऊ वागेल ना? मग 36 मिलिमीटरपेक्षाही कमी वाकणारी काडी घेऊ, की टोकाऐवजी पातळ पितळी टोपी बसवू?